केराटोकोनस वाढतोय, क्रॉसलिंकिंग कोणतं करावं?

ताई, तुम्ही लिहिलंत की मुलगा सतरा वर्षांचा आहे आणि केराटोकोनसमुळे (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन पुढे फुगण्याचा आजार) सहा महिन्यांत चष्म्याचा नंबर एवढा सरकलाय, तर आता थांबू नका. माझ्या दोन्ही डोळ्यांचं क्रॉसलिंकिंग (कॉर्निया घट्ट करून आजार रोखणारा उपचार) इथे इंदूरलाच झालंय, म्हणून हक्कानं सांगते.

आधी त्याचं डोळे चोळणं बंद करा. मी अभ्यास करताना बोटाच्या पेरानं डोळे चोळत बसायचे, कुणी टोकलंच नाही. खाज येत असेल तर डॉक्टरांकडून ॲलर्जीचे थेंब घ्या.

क्रॉसलिंकिंगची मूळ पद्धत, म्हणजे ड्रेस्डेन पद्धत, सगळ्यात जास्त पारखलेली. कॉर्नियावरचा पातळ थर काढतात, रायबोफ्लेविनचे (ब-2 जीवनसत्त्वाचे) थेंब घालतात, मग 30 मिनिटं अतिनील किरण. वेगवान पद्धतीत किरण तीव्र, वेळ बहुधा 10 मिनिटं. थर न काढता करतात ती कमी दुखते, पण आजार रोखण्यात सहसा कमी पडते. कोवळं वय, वाढता आजार. मी तरी थर काढूनच करा म्हणेन. त्यासाठी कॉर्नियाची जाडी साधारण 400 मायक्रॉन लागते, तेवढं नक्की विचारा.

नेहमीच्या चुका:
- चष्मा सुटेल ही आशा. हा उपचार आजार थांबवायला आहे.
- आदल्या दिवसापर्यंत लेन्स घालून टोपोग्राफी (कॉर्नियाच्या आकाराची तपासणी) करणं. आकडे चुकतात.
- जुने रिपोर्ट टाकून देणं.

पहिले दोन-तीन दिवस फार झोंबतं. मला पडदे ओढूनसुद्धा ट्यूबलाइट सहन होत नव्हती. आणि रंगपंचमी जवळ असेल तर यंदा गेर (इंदूरची रंगांची मिरवणूक) नाही, रंगाचा कणही डोळ्यात नको.