सेक्रेटरी म्हणतात, काका ट्रोल आहेत

प्रश्न : सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी टँकरच्या बिलांचा हिशेब मागत होतो. उत्तर येईना, म्हणून रोज सकाळी तोच प्रश्न टाकायचो. शेवटी सेक्रेटरींनी लिहिलं, 'काका रिटायर झाल्यावर ट्रोलिंगच्या धंद्याला लागलेत.' खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग! वर अ‍ॅडमिननं मलाच काढून टाकलं. दोघांवर अब्रुनुकसानीचा खटला भरू का? एक मित्र म्हणतो, आयटी कायद्याचं कलम 66अ लाव. – एक वाचक, कोथरूड

उत्तर : काका, 66अ विसरा. ते कलम सुप्रीम कोर्टानं 24 मार्च 2015 रोजीच रद्द केलंय. अ‍ॅडमिनलाही सोडा. दुसऱ्यानं टाकलेल्या मेसेजसाठी निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये म्हटलंय. आणि ग्रुपमधून काढणं हा काही गुन्हा नव्हे.

राहिले सेक्रेटरी. अब्रुनुकसानीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 356 आहे, दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची तरतूद आहे. पण गुन्हा अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. चौकीत एनसी, म्हणजे नुसती नोंद, लिहून घेतील आणि तुमची बोळवण करतील. फिर्याद तुम्हालाच मॅजिस्ट्रेटपुढे न्यावी लागेल, मग तारखांवर तारखा. 'ट्रोल' एवढ्या एका शब्दावर ती टिकेल, असं मला तरी वाटत नाही.

त्यात तुम्ही पाठवलेले स्क्रीनशॉट मी नीट वाचलेत. सुरुवातीचे मेसेज चोख आहेत : तारीख, टँकरची संख्या, रक्कम. पुढे मात्र 'मलिदा कोण खातंय ते सगळ्यांना ठाऊक आहे' असं आलंय. पुरावा आहे का हातात? नसेल तर तेच कलम 356 तुमच्यावर उलटेल. समोरचा वकील पहिल्यांदा हेच पान उघडेल.

मुळात तुम्हाला हवाय हिशेब, आणि तो ग्रुपवर मिळत नसतो. ग्रुप म्हणजे सोसायटी नव्हे. तिथून काढलं तरी तुमचं सभासदत्व शाबूत आहे. कमिटीच्या नावे साधा अर्ज लिहा : अमुक महिन्यांची टँकरची बिलं, व्हाउचर आणि ठरावाची नोंद पाहायची आहे. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यानिशी पोच घ्या. टाळाटाळ झाली, तर ती पोच जोडून सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हायलाच हवी. तिथे उभं राहून विचारा आणि प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.

ग्रुपमध्ये परत घ्या म्हणून मात्र कुणाच्या विनवण्या करू नका. टँकर किती वाजता येणार, ते शेजारचे सांगतील.