पावती ‘कूटबद्ध’ कशी झाली?

भाच्याचा प्रश्न असा : ‘मावशी, फाईल एन्कोड करणं याला मराठीत काय म्हणायचं? आणि बायनरी अटॅचमेंटला?’

प्रश्नामागे एक गंमत आहे. बडोद्याच्या बाबाजीपुऱ्यातल्या त्यांच्या गणेश मंडळासाठी त्यानं वर्गणीची पावती ईमेलनं पाठवणारा प्रोग्रॅम लिहिला. सोबत कार्यकर्त्यांसाठी मराठीत चार ओळींची माहिती. एन्कोडला ‘कूटबद्ध’ म्हणून त्यानं त्यात एक ओळ लिहिली : ‘पावतीची फाईल कूटबद्ध करून जोडली जाते.’ दुसऱ्या दिवशी खजिनदारकाकांचा फोन. ‘अरे, त्या पावतीचा पासवर्ड कुणाकडे आहे?’

काकांचं काय चुकलं? कूटप्रश्न, कूटनीती, कूटलिपी... कूट आलं की काहीतरी झाकलेलं आलंच. कूटबद्ध वस्तू किल्लीशिवाय उघडू नये, म्हणून तो शब्द एन्क्रिप्शनसाठी, म्हणजे मजकूर किल्लीनं कुलूपबंद करण्यासाठी, राखून ठेवावा हे बरं. भाच्याच्या प्रोग्रॅमनं केलं होतं ते नुसतं एन्कोड, बेस-६४ नावाच्या पद्धतीनं : फाईल ठरलेल्या ६४ चिन्हांत लिहून काढायची. त्याला किल्लीच नसते, आणि त्याचा तक्ता सगळ्या जगाला ठाऊक आहे.

मग हा खटाटोप कशासाठी? ईमेलच्या वाहतुकीचे १९८२ साली ठरलेले नियम सात बिटांच्या (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक), म्हणजे इंग्रजी टंकलेखनापुरत्या अक्षरांचे होते. फोटो किंवा पीडीएफमधला बाइट, म्हणजे बिटांचा एक गठ्ठा, आठ बिटांचा. त्या वाटेनं तसाच सोडला तर वाटेत मोडायची भीती. १९९२ साली बोरेनस्टाइन आणि फ्रीड या दोघांनी ‘माइम’चे, म्हणजे ईमेलमधून साध्या मजकुराखेरीज इतर गोष्टी पाठवण्याचे, नियम मांडले, त्यात या अडचणीवर तोड निघाली. तीन बाइट घ्यायचे, त्यांचे २४ बिट सहा-सहाच्या चार गटांत वाटायचे आणि प्रत्येक गटासाठी ठरलेल्या ६४ चिन्हांतलं एक लिहायचं. तिनाचे चार होतात, म्हणून तीन एमबीची पावती प्रवासात चार एमबीची होऊन बसते.

यात आपल्याला मजा वाटावी अशी एक गोष्ट आहे. यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं बाइटांत साठवण्याची ही रूढ पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, बरोबर तीन बाइटांचं. म्हणजे बेस-६४ मध्ये त्याची बरोबर चार अक्षरं. ‘आ’ होतो ‘४केएसजी’ आणि ‘ई’ होते ‘४केएसआय’ (ती रोमन अक्षरं इथे देवनागरीत लिहिली आहेत). दोन्ही शेजारी ठेवले की ‘आई’ तयार. देवनागरीचं कुठलंही चिन्ह घ्या, सुरुवात ‘४केएस’ नाहीतर ‘४केडब्ल्यू’. मध्ये मोकळी जागा आली की तिचा एकच बाइट, आणि मग सगळी रांग सरकते. एखाद्या मराठी ईमेलचा विषय कधी चुकून कच्चा, न उलगडलेला दिसला आणि त्यात ‘४केएस’ दिसलं, तर समजावं की आत देवनागरी आहे.

तेव्हा हे सरळसरळ लिप्यंतर आहे. मोडीतला कागद बालबोधीत उतरवावा तसं. गायकवाडी दप्तरातला मोडी कागद आज बघणाऱ्याला गूढ वाटतो, पण लिहिणाऱ्या कारकुनाला काही लपवायचं नव्हतं; त्याची ती रोजची लिपी होती. ‘संकेतन’ हा शब्दही चालतो, पण ‘सांकेतिक भाषा’ त्याला इतकी खेटून बसली आहे की काकांचा फोन पुन्हा यायचा. मी तर म्हणेन, ‘अक्षरांत उतरवणे’. प्रोग्रॅमरांनी आपसात एन्कोडच म्हणावं, त्यात काही कमीपणा नाही.

आता बायनरी. गणितात ‘द्विमान पद्धती’ ठीक. (‘द्विअंकी’ नको, ती दहापासून नव्याण्णवपर्यंतची संख्या झाली.) पण फाईलला बायनरी म्हणतात तेव्हा शून्य-एकाचा मुद्दा नसतोच, कुठलीही फाईल शेवटी शून्य-एकच. तिथे अर्थ एवढाच, की हा मजकूर नाही, यातला एकही बाइट हलवू नका. भाच्यानं पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पीडीएफ आधी नुसत्या ‘आर’नं (म्हणजे ‘रीड’, वाच) उघडली होती. पायथन ती यूटीएफ-८ मजकूर समजून वाचायला गेला आणि अडला. ‘आरबी’ केलं (‘बी’ म्हणजे बायनरी), गाडी चालू. पुढचं बेस-६४ पायथनची ईमेल लायब्ररी आपणहून करते. या ‘बी’ला जुन्या कागदांतला शब्द अगदी चपखल बसतो : अस्सलबरहुकूम, म्हणजे मुळासारखं हुबेहूब. म्हणूनच ‘बायनरीत एन्कोड केलं’ हे बोलणं मला खटकतं. माइममध्ये ‘बायनरी’ असा शिक्का असलेल्या भागावर काहीच रूपांतर झालेलं नसतं. वेबच्या फॉर्ममधून फाईल अपलोड करतो तेव्हा ती अशीच, जशीच्या तशी जाते.

अटॅचमेंटचं तर घोडं भलतीकडेच अडतं, कारण कायद्याच्या मराठीत अटॅचमेंट म्हणजे जप्ती! सरकारी पत्रातलं ‘सहपत्र’ चांगलं आहे. बडोद्यात आपल्या कानावर रोज पडणारं गुजराती ‘बिडाण’ त्याहून गोड, पण पुण्याच्या माणसाला ते कळायचं नाही.

मजकूर, जोडलेली फाईल असे अनेक भाग असलेल्या ईमेलला मल्टिपार्ट म्हणतात; त्याला ‘बहुभागी’ म्हणावं, वाद नाही. त्यातल्या बाउंड्रीवर, म्हणजे भाग वेगळे करणाऱ्या खुणेवर, मात्र माझं मन बसलंय. पत्राच्या दोन भागांमध्ये एक ठरलेली ओळ येते, तिच्या सुरुवातीला दोन हायफन. सगळे भाग संपले की तीच ओळ पुन्हा, पण आता तिच्या शेवटीही दोन हायफन : इथून पुढे काही नाही. पेशवाईतल्या पत्रांच्या शेवटी, कुणी मागाहून काही घुसडू नये म्हणून, छोटा शिक्का मारत. त्यावर अक्षरं असत ‘लेखनसीमा’. त्या शेवटच्या बाउंड्रीला याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

काकांच्या कागदावर मात्र यातलं काहीही लिहू नकोस रे बाबा. ‘पावती सोबत जोडली आहे. उघडायला पासवर्ड लागत नाही.’ बस.