गुडगुड थांबली, पण पाणी जाणार कुठून?

वरच्या टाकीत मासे, खाली संपमध्ये, म्हणजे तिच्याखालच्या दुसऱ्या टाकीत, फिल्टर आणि मधे पाणी खाली आणणारा एक पाइप. या पाइपबद्दल जेवढी पत्रं येतात, तेवढी माशांच्या आजारांबद्दलही येत नाहीत. बहुतेकांची तक्रार एकच, रात्री आवाज येतो. फरशीवर पाणी येऊ नये म्हणून काय करायचं, हे मात्र लोक पाणी आल्यावर विचारतात. आलेल्या पत्रांपैकी काही निवडून घेतली आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : चार फुटी टाकीला पाऊण इंची पाइप पुरेल की एक इंची लागेल? (सांगली)

एक इंची. आणि भोकं दोन पाडा. कारण पुढे येईल.

प्रश्न : पंपाच्या खोक्यावर ताशी ३,००० लिटर लिहिलं आहे. एवढं पाणी निचऱ्याच्या पाइपला झेपेल का? (ठाणे)

खोक्यावरचा आकडा पाणी शून्य उंचीवर सोडलं तरचा असतो. चार फूट वर चढवताना आणि दोन-तीन एल्बोंतून (काटकोनी जोडांतून) फिरवताना त्यातला बराच भाग गळतो. दुकानात हे कुणी सांगत नाही, कारण मोठा पंप महाग असतो. दहा लिटरची बादली घ्या, रिटर्नचा, म्हणजे पंपाचं पाणी वर नेणारा पाइप तिच्यात सोडा आणि घड्याळ लावा. वीस सेकंदांत भरली तर ताशी १,८०० लिटर. हा तुमचा खरा आकडा, सगळे हिशेब त्यावर करा. चार बाय दीड बाय दीड फुटाच्या टाकीत काठोकाठ २५० लिटरच्या आसपास पाणी मावतं. तिला ताशी हजार-बाराशे लिटर खूप झाले. पंप मोठाच घेतला असेल तर त्याचं पाणी फांदी काढून थोडं संपमध्येच परत सोडा. निचऱ्याच्या पाइपला शिक्षा नको.

प्रश्न : एकच पाइप आहे. दर दहा-पंधरा सेकंदांनी संडासाची टाकी ओढल्यासारखा आवाज येतो. पाइप खराब आहे का? (नाशिक)

पाइप ठीक आहे. त्यात पाणी आणि हवा यांची मारामारी चालली आहे. उघड्या तोंडाच्या पाइपात पाणी भिंतीला धरून उतरतं आणि जाताना हवा ओढून नेतं. मधेच पाइप पूर्ण भरतो, सायफन लागतो, पाणी झपकन खाली ओढलं जातं, तोंड उघडं पडतं, घुर्रर्र होतं, सायफन तुटतो. मग पुन्हा पहिल्यापासून.

उपाय दोनच. एक, पाइपाला हवा नीट मिळू द्या. वर एक टी (तीन तोंडांचा जोड), टीच्या आडव्या तोंडाला खाली वळलेला एल्बो, डोक्यावर टोपी आणि टोपीला बारीक छिद्र. याला डर्सो म्हणतात. छिद्र आधी लहान पाडा आणि थोडं थोडं वाढवत न्या, एकदम मोठं पाडलंत तर नवी टोपी आणावी लागेल. प्रवाह बेताचा असेल तर यावर भागतं. दुसरा उपाय म्हणजे हवेला आतच येऊ द्यायचं नाही, म्हणजे पूर्ण सायफन. तो जवळजवळ मुका चालतो, पण एकट्या पाइपावर कधीही करू नका.

प्रश्न : दुकानदाराने पाइपाच्या तोंडात स्पंज खोचून दिला. आवाज लगेच बंद झाला. पाणी मात्र आधीपेक्षा दोन बोटं वर राहतं. एका मित्राने स्पंजऐवजी खाली बॉल व्हॉल्व्ह लावून अर्धा बंद करायला सांगितलं आहे. दोन्हींपैकी कोणतं चांगलं? (कोल्हापूर; अशाच आशयाची आणखी पत्रं)

दोन्ही वाईट. हे पत्र वाचून झाल्यावर आधी स्पंज काढा, मग पुढचं वाचा.

पाणी दोन बोटं वर का राहिलं, याचा विचार केलात का? पाइप आवळला गेला म्हणून. आज दोन बोटं. महिनाभरात स्पंजात घाण बसेल, मग तीन होतील आणि एखाद्या रात्री वनस्पतीचं एक पान त्यावर येऊन बसेल. पंपाला यातलं काही कळत नाही, तो खालचं पाणी वर फेकतच राहणार. तुम्ही आवाज बंद केला नाही, बाहेर जायची एकमेव वाट अरुंद केलीत.

आता व्हॉल्व्हची गोष्ट. पूर्ण सायफन व्हॉल्व्हने आवळायचा असतो हे खरं आहे, मित्राने अर्धंच ऐकलं. सायफनचा वेग ठरतो वरच्या आणि खालच्या पाण्याच्या उंचीतल्या फरकाने. हा फरक ८० सेंटिमीटर आहे असं धरा. निचरा थोडा कमी पडला आणि वरचं पाणी दोन सेंटिमीटर चढलं, तर फरक ८२ झाला. वेग वाढला जेमतेम सव्वा टक्का. म्हणजे सायफन स्वतःला सावरत नाही. पंपाने शंभर थेंब दिले आणि सायफनने अठ्ठ्याण्णव नेले, तर उरलेले दोन साठत जातात, पार काठापर्यंत. आज तुम्ही व्हॉल्व्ह कितीही अचूक लावा, उद्या पंपात शेवाळ धरेल, व्हॉल्व्हमध्ये गोगलगाय शिरेल, आणि गणित बदलेल.

म्हणून दुसरा पाइप. पहिला सायफनचा, त्याला खाली व्हॉल्व्ह. दुसरा त्याच मापाचा किंवा मोठा, तोंड पहिल्यापेक्षा वर, त्याला व्हॉल्व्ह नाही, जाळी नाही, स्पंज नाही, काही नाही. पहिला असा आवळायचा की पंपाच्या पाण्यापेक्षा किंचित कमी नेईल आणि उरलेली बारीक धार दुसऱ्यातून उतरेल. या पद्धतीला हर्बी म्हणतात. काही जण दुसरा पाइप कोरडाच ठेवतात. मला ते पटत नाही. जो पाइप वर्षभर वापरलाच नाही, तो मोकळा आहे हे कशावरून?

ज्यांची टाकी मोठी आहे किंवा ज्यांच्या खाली शेजारी राहतात, त्यांनी तीन पाइप करावेत. एक सायफन, दुसरा धारेचा, तिसरा कोरडा राखीव. धारेच्या पाइपाच्या टोपीतून हवेची बारीक नळी काढायची आणि तिचं तोंड नेहमीच्या पातळीच्या थोडं वर ठेवायचं. पाणी चढलं की नळीचं तोंड बुडतं, हवा बंद होते आणि धारेचा पाइप स्वतःच पूर्ण सायफन होऊन सगळा भार उचलतो. याला बीनॲनिमल म्हणतात. नाव विचित्र आहे, पण कल्पना करणाऱ्याला नमस्कार. यात कोरडा राखीव चालतो, कारण त्याच्याआधी एक सावरणारा आहे. राखीव पाइपाचं खालचं टोक मात्र संपच्या पाण्याच्या वर ठेवा. त्यातून पाणी पडलं तर धबधब्यासारखा आवाज येईल, आणि तो यायलाच हवा. बाकी सगळं शांत असताना हा एकच आवाज तुम्हाला अंथरुणातून उठवेल. याउलट सायफनच्या पाइपाचं टोक पाण्यात इंचभर बुडवा. फार खोल नेलंत तर सुरू होताना आतली हवा बाहेर पडत नाही.

जोडणी झाली की घरी असताना, बादली-पोछा हाताशी घेऊन तपासा. पंप चालू ठेवून सायफनचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा, पाणी कुठे थांबतं पाहा. मग बाकीच्या पाइपांची तोंडंही झाका. संपमधल्या पंपाच्या कप्प्यातलं पाणी संपून पंप कोरडा पडला, तरी वरची टाकी सांडता कामा नये. पंपाचा आवाज बदलला की लगेच बटण बंद करा. चार बाय दीड फुटाच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे साडेपाच लिटर. काठाखाली चार सेंटिमीटर मोकळे असतील तर वर बावीस लिटर मावतील, पंपाच्या कप्प्यात उपसण्याजोगं पाणी त्याहून कमी हवं. ऑटो टॉप-अप (उडून गेलेल्या पाण्याची आपोआप भर घालणारं उपकरण) लावलं असेल तर कप्पा रिकामा होताच ते वरून भर घालत राहील, म्हणून त्याच्या डब्यातलं पाणीही या हिशेबात धरा. हे गणित स्वतः जमत नसेल तर टाकी बांधणाऱ्याला समोर बसवून करून घ्या. तो टाळाटाळ करू लागला तर दुसरा शोधा.

प्रश्न : हार्डवेअरच्या दुकानात पितळी गेट व्हॉल्व्हच मिळतो. चालेल ना? (मडगाव, खाऱ्या पाण्याची टाकी)

नाही. पितळेत तांबं असतं, आणि प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी यांना ते थोडंसंही विषारी ठरतं. प्लास्टिकचा गेट व्हॉल्व्ह मागवा. तो अनेक फेऱ्यांत उघडतो, त्यामुळे केसभर हलवता येतो. बॉल व्हॉल्व्ह पाव फेरीत संपतो, बारीक नेम धरताना रडवतो. अगदीच मिळाला नाही तर तोच प्लास्टिकचा लावा आणि धीर धरा. दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारे जोड) घालायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच सफाईला करवत घ्यावी लागेल.

प्रश्न : वीज गेली आणि संप भरून वाहिला. चेक व्हॉल्व्ह लावला की प्रश्न सुटेल, असं सगळे म्हणतात. (नागपूर)

सगळे म्हणतात, हेच दुखणं आहे. चेक व्हॉल्व्ह पाणी एकाच दिशेने जाऊ देतो, पण त्याच्या पाकळीत एक वाळूचा कण किंवा शेवाळाचा धागा अडकला की तो नुसता पाइपाचा तुकडा. लावा हवा तर, भरवसा ठेवू नका.

वीज गेल्यावर रिटर्नचा पाइप उलटा सायफन होतो आणि त्याचं तोंड उघडं पडेपर्यंत वरचं पाणी खाली आणतो. तोंड दहा सेंटिमीटर खोल असेल तर वर सांगितलेल्या मापाच्या टाकीतून ५६ लिटर येतील, अडीच सेंटिमीटरवर असेल तर चौदा. म्हणून तोंड वर घ्या. सायफन तोडायला पाइपाला छिद्र पाडतात तेही ठीक, पण ते शेवाळाने बुजतं. संपमध्ये एवढं पाणी अधिक ओव्हरफ्लो बॉक्समधलं (वरचं पाणी निचऱ्याआधी ज्यात पडतं त्या कप्प्यातलं) पाणी मावेल इतकी जागा रोज मोकळी हवी. एकदा प्लग काढून पाणी जिथवर चढलं तिथून खाली मोजा, रोजच्या पातळीची खूण मार्करने करा आणि तिच्यावर कधीही भरू नका. संपजवळच्या प्लगांचं काय करायचं, आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) आहे की नाही, हे इलेक्ट्रिशियनला घरी बोलावून दाखवा.

प्रश्न : न्यू जर्सीत राहतो. कंपनीची तयार टाकी आहे, तळाला भोक पाडून घेऊ का? (ईमेलने)

नको. तिकडच्या बऱ्याच तयार टाक्यांचा तळ टफन्ड (उष्णतेने कडक केलेल्या) काचेचा असतो आणि तो ड्रिल लागताच चुरा होतो. बाजूच्या काचा साध्या असू शकतात, पण अंदाजाने हात घालू नका. उत्पादकाला मॉडेल सांगून लेखी विचारा, मगच काच कापणाऱ्याकडे जा.

प्रश्न : मग भोक न पाडता काठावर टांगायचा ओव्हरफ्लो बॉक्स घेऊ का? विक्रेता म्हणतो, वीज आली की तो आपोआप सुरू होतो. (पुणे)

सुरू होतो, न होईपर्यंत. त्याच्या वाकड्या नळीत हवेचे बुडबुडे हळूहळू साठतात. एक दिवस सायफन तुटतो आणि पंप मात्र चालूच. हवा ओढायला छोटा पंप जोडतात, म्हणजे बंद पडू शकेल अशी आणखी एक वस्तू. भाड्याच्या घरात दुसरा मार्ग नसेल तर दोन स्वतंत्र नळ्यांचा घ्या आणि पंपाच्या कप्प्याचं वरचं गणित दुप्पट काळजीने करा. टाकी नवीच बांधून घेणार असाल तर हा विषय सोडा.

प्रश्न : टँक कनेक्टरजवळ (टाकीच्या भोकात पाइप बसवायच्या जोडाजवळ) सहा महिन्यांपासून थेंब येतो. वाटी ठेवली आहे. दिवाळीनंतर काम काढलं तर चालेल का? (सोलापूर)

सहा महिने! आज काढा. पाणी कनेक्टरच्या खाली उतरवा, नट सोडवा. रबराचा वॉशर फ्लँजच्या (कनेक्टरच्या रुंद कडेच्या) बाजूला, म्हणजे पाण्याच्या आत आहे का पाहा. प्लंबर सवयीने तो नटाखाली घालतात. चिरलेला असेल तर बदला, वर सिलिकॉन फासू नका, वॉशर घसरतो. नट हाताने घट्ट आणि त्यावर पाव फेरी, बास. पाना घेऊन जोर लावलात तर भोकाच्या कडेपासून तडा जाईल. तिथे आत्ताच केसासारखी रेघ दिसत असेल तर कशालाही हात न लावता मासे दुसरीकडे हलवा, टाकी रिकामी करा आणि ती बांधणाऱ्याला फोन करा.