पत्रा शाबूत, स्क्रू गंजलेला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर नमस्कार, जांबोटीकडं आमचा गोठा आहे. वर ॲल्युमिनियमचा पत्रा घातलाय, फॅब्रिकेटरनं साधे लोखंडी स्क्रू मारले. आता स्क्रूभोवती तांबडे डाग पडलेत, पत्र्यावर पांढरी पावडर आलीय आणि गळतंय पण. दुकानदार म्हणतोय एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) घाला, भाऊ म्हणतो पितळेचे घाला, कायमची कटकट जाते. कुणाचं ऐकू?

उत्तर : दुकानदाराचं ऐका ओ, यावेळी तो बरोबर आहे. पितळेत तांबं असतं आणि तांबं ॲल्युमिनियमला अजिबात चालत नाही, मधे पावसाचं पाणी आलं की दोन धातूंत बॅटरीसारखा सेल तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं, ती पांढरी पावडर म्हणजे झिजलेलं ॲल्युमिनियमच. वर गोठ्यात गोमूत्राचा अमोनिया, त्यानं पितळेला चिरा जातात. सोलरच्या तांब्याच्या पाइपचं पाणी पण त्या पत्र्यावर पडू देऊ नका.

३०४ ग्रेडचे एसएस स्क्रू घ्या, खाली ईपीडीएम रबराचा (ऊन-पावसात टिकणाऱ्या रबराचा) वायसर पाहिजेच. आवळताना रबर जरासं फुगून वरच्या धातूच्या वायसरच्या कडेला दिसलं की थांबायचं. मशीन लावून करकचून पिळलं की रबर फाटतं आणि पाणी तिथूनच आत जातं, बहुतेक गळती ही अशीच असते. पत्रा लोखंडी पाइपवर टेकतो तिथं डांबरी पेंट नाहीतर टेप मारा. भोकं पाडल्यावर लोखंडाचा कीस झाडून काढा, तो तसाच राहिला तर पहिल्या पावसातच तांबडे ठिपके दिसतात आणि लोक उगाच पत्र्याला शिव्या घालतात.

एक मात्र, पत्रा ॲल्युमिनियमचा नसून गॅल्व्हल्यूमचा, म्हणजे जस्त-ॲल्युमिनियमचं कोटिंग असलेला लोखंडी पत्रा असेल तर एसएस घालू नका. तिथं तसल्याच कोटिंगचे स्क्रू बरे. कापलेल्या कडेला बघा, तांबडा गंज दिसला तर आत लोखंड आहे.

प्रश्न : निपाणीत आमच्या गच्चीला एसएसची रेलिंग आहे, रेलिंग चकाचक आणि जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) बोल्ट मात्र खाऊन गेलेत. जाड बोल्ट घालू का?

उत्तर : जाड घालून काही होणार नाही, थोडा उशिरा जाईल एवढंच. एसएस आणि जस्त-लोखंड एकत्र आलं की लोखंडच झिजणार, आणि तुमच्याकडं एवढ्याशा बोल्टाच्या मागं केवढी मोठी रेलिंग, म्हणजे कमावणारा एक आणि खाणारे दहा. उलटं असतं, मोठ्या जीआय अँगलला छोटा एसएस बोल्ट, तर बरीच वर्षं निभावलं असतं. कमजोर, म्हणजे झिजणारा धातू मोठा आणि भारी, म्हणजे टिकणारा धातू छोटा असला तर चालतं, उलटं कधीच करू नका.

३०४ चेच बोल्ट घ्या. डोक्यावर ए२-७० असा मार्क असतो तो बघा, ए२ म्हणजे ३०४ च्या जातीचं. लोहचुंबक लावून ओळखू नका. बोल्ट थंडच ठोकून घडवतात, त्यामुळं खरा ३०४ पण चुंबकाला किंचित चिकटतो, आणि हलक्या २०२ ग्रेडच्या एसएसला चुंबक लागेलच असं नाही. आणि एसएसवर एसएसचा नट कोरडा मशीननं फिरवला तर आटे एकमेकांत जाम होतात, मग कापूनच काढायचा. थोडं ग्रीस लावून हातानं हळू आवळा.

प्रश्न : चिकोडीहून. बोअरच्या स्टार्टरला ॲल्युमिनियमची केबल जोडलीय, तांब्याच्या टर्मिनलवर काळी पडून गरम होतीय.

उत्तर : बायमेटल लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसवायचा दोन धातूंचा जोड, घालून घ्या, त्याच्या एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं असतं. जळकं टोक कापून नवीन तारेवर बसवा. लाइन बंद करून इलेक्ट्रिशियनकडून करा आणि तोवर मोटर चालवू नका.