सिल्फियम ही प्राचीन काळातली मोलाची औषधी वनस्पती नाहीशी कशामुळे झाली?

बेसुमार काढणी आणि मेंढ्यांची चराई या दोन्हींनी मिळून ती संपवली, आणि शेतात लावता येत नसल्याने ती पुन्हा उभी राहिली नाही. सिल्फियम फक्त सायरीनीच्या परिसरात, म्हणजे आजच्या पूर्व लिबियात, रानात उगवायची. ग्रीक वनस्पतिअभ्यासक थिओफ्रास्टसने इ.स.पू. 300 च्या सुमारास नोंदवलंय की नांगरलेल्या जमिनीत ती टिकत नाही. मुळाला आणि देठाला चिरा देऊन चीक काढत. कच्चा चीक सडतो, म्हणून भांड्यात पीठ मिसळून तो बराच वेळ हलवत; रंग बदलला की टिकाऊ होई. मूळ किती कापायचं यावर खाणकामाला असतात तसे नियम होते, कारण जास्त कापलं की झाडच जातं. घात झाला तो पुढे. रोमन लेखक प्लिनी सांगतो की रोमन काळात कुरणं भाड्याने घेणाऱ्यांना मेंढ्या चारण्यात जास्त नफा दिसला आणि त्यांनी रान साफ करून टाकलं. त्याच्या हयातीत एकच देठ सापडला, तो सम्राट नीरोकडे पाठवला गेला. तोवर रोमन लोक इराणकडून येणारा हिंग वापरू लागले होते. आपल्या फोडणीतला तोच, पण त्यांच्या लेखी हलका माल.

मात्र ‘कायमची नष्ट’ असं छातीठोक म्हणू नका. 2021 मध्ये तुर्की संशोधक माहमुत मिस्की यांनी तुर्कस्तानातली फेरुला द्रुदिआना ही वनस्पती हीच सिल्फियम असावी असं मांडलं. सायरीनीच्या जुन्या नाण्यांवरच्या सिल्फियमच्या चित्राशी तिचा जाड, रेघांचा देठ जुळतो, पण एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही.