डीएनएपासून वीज: जैवतंत्रज्ञान घ्यावे की भौतिकशास्त्र?

सप्रेम नमस्कार,

डीएनएच्या रेणूच्या साहाय्याने उष्णतेचे विजेत रूपांतर करता येते, हे वाचल्यापासून बारावीतील आपल्या कन्येने तोच विषय शिकण्याचा ध्यास घेतला आहे, आणि त्यासाठी गणित सोडून जैवतंत्रज्ञानाकडे वळावे का, असे आपण सोलापूरहून विचारले आहे. गणित मुळीच सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या विषयाच्या नावात डीएनए असला, तरी त्याचा गाभा भौतिकशास्त्राचा आहे.

दोन भिन्न धातूंच्या तारा जोडून एक सांधा तापवला आणि दुसरा थंड ठेवला, तर विद्युतदाब निर्माण होतो. जर्मन शास्त्रज्ञ सीबेक यांच्या १८२१ मधील प्रयोगांतून पुढे आलेल्या याच तत्त्वावर भट्टीचे तापमान मोजणारा थर्मोकपल चालतो. अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठात नोंगजियान ताओ यांच्या गटाने सोन्याच्या दोन टोकांमध्ये डीएनएचा एकच रेणू, म्हणजे जेमतेम दोन नॅनोमीटर जाडीचा धागा, धरून हा परिणाम मोजला आणि ते निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. रेणूतून विद्युतप्रभार टप्प्याटप्प्याने उड्या घेत जातो, तेव्हा परिणाम लहान असतो आणि रेणूच्या लांबीने त्यात फारसा फरक पडत नाही. मात्र प्रभार मधला अडथळा पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) नियमांनुसार एकदम भेदून जातो, तेव्हा परिणाम मोठा असतो आणि लांबीनुसार बदलतो. म्हणजेच डीएनएमधील अक्षरांचा, म्हणजे ए, टी, जी, सी या घटकांचा, क्रम आणि लांबी बदलून हा परिणाम नियंत्रित करता येतो. हे ‘का’ घडते, याचे उत्तर गणिताशिवाय मिळत नाही.

यातून मोबाइल चार्ज होईल का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर आज तरी नाही असेच आहे, कारण एका रेणूतून मिळणारा दाब दर अंशामागे मायक्रोव्होल्टमध्ये मोजावा लागतो. या नावाची नोकरीही नाही. पाच वर्षांचे शिक्षण आणि त्यानंतर साधारण तितकीच वर्षे पीएचडी, एवढी घराची तयारी हवी. सूक्ष्म मापनाचे कौशल्य पुढे सेमीकंडक्टर आणि सेन्सरच्या क्षेत्रांत उपयोगी पडते, हे मात्र खरे.

पुण्याच्या आयसरमधील (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम मला तिच्यासाठी सर्वांत योग्य वाटतो. तिथे सुरुवातीला सर्व मूलभूत विज्ञाने शिकवली जातात, त्यामुळे जीवशास्त्राची आवडही जपता येईल. प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित या चारही विषयांवर प्रश्न असतात.

तोपर्यंत तिला तांब्याची आणि लोखंडाची तार एकत्र पिळून सांधा मेणबत्तीवर धरायला सांगा, आणि मोकळ्या टोकांना मल्टिमीटर लावून मिलिव्होल्टचा आकडा किती सरकतो ते वहीत नोंदवू द्या.