कॅबिनेटला मागून गंज चढतो

प्रश्न : मालवणला किनाऱ्याजवळ राहतो. कॉम्प्युटरच्या जुन्या कॅबिनेटला मागून गंज चढला. नवं घेताना बाहेरून काय तपासू?

उत्तर : आधी मागची बाजू बघा, पुढचा झगमगाट नंतर. स्लॉटच्या (जादा कार्ड बसवायच्या खाचांच्या) झाकणपट्ट्या नि स्क्रूची भोकं इथे रंग पातळ असतो. खारी हवा पत्रा तिथूनच खाते. मोडून काढायच्या पट्ट्या नकोत, तुटलेली कड उघडी राहते. स्क्रूने बसणाऱ्या घ्या. पुढे बंद काचेपेक्षा जाळी बरी. तिच्यामागे १२० मिमीचे किमान दोन पंखे बसावेत, नि फिल्टर काढून धुता यावा (पूर्ण सुकवूनच परत लावा, पावसाळ्यात हे हमखास चुकतं). पॉवर सप्लाय (आतल्या भागांना वीज देणारा डबा) खाली असेल तर पाय २ सेंमी तरी उंच हवेत, नाहीतर त्याला हवाच मिळत नाही.